बुलपेनची यादी खालून वर वाचा

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे: "२०२५ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, बघितली आणि बेसबॉलचं वेड लागलं. नंतर मागचं वाचायला लागलो तर कळलं, की लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्या मोसमाआधी बुलपेनवर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या बदली पिचर्सवर, पैशांचा पाऊस पाडला होता, तरी वर्षभर शेवटच्या इनिंगमध्ये सामने निसटत राहिले. आता २०२६ साठी एडविन डिआझ हा शेवटची इनिंग टाकणारा पिचर ('क्लोजर') आला आहे. मोसम सुरू व्हायच्या आधी नुसती यादी बघून बुलपेन चांगलं की वाईट हे तुम्ही लोक कसं ठरवता? की तो सगळा अंदाजच असतो?"

मी मूळची कोल्हापूरची. संख्याशास्त्र शिकले आणि गेली नऊ वर्षं अमेरिकेत ट्रिपल-ए पातळीच्या एका संघात पिचिंगच्या (चेंडू टाकण्याच्या) विश्लेषणाचं काम करते. ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या लगेच खालची पायरी. वरच्या संघाचं बुलपेन फाटलं की ठिगळाचं कापड आमच्याकडून जातं. डॉजर्सशी माझा संबंध नाही आणि त्यांच्या पिचर्सच्या खांद्या-कोपरांच्या वैद्यकीय नोंदी मला दिसत नाहीत. त्या नोंदी हा अर्धा विषय असतो, म्हणून बाहेरून दिलेलं कुठलंही उत्तर, माझंसुद्धा, तेवढं अपुरं समजा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. यादीतली माणसं किती चांगली आहेत, हा एक. ती माणसं १६२ सामन्यांना पुरतील का, हा दुसरा. टीव्हीवर चर्चा होते ती पहिल्याची, कारण त्यात नावं असतात, पगाराचे आकडे असतात. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात ते दुसऱ्यासाठी. माझ्या अनुभवात बुलपेन बुडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

आधी साधा हिशेब मांडू, कागद-पेन्सिल घ्या. एका मोसमात संघाला साधारण १४४० इनिंग (सामन्याला नऊ, प्रत्येकीत तीन आउट) टाकाव्या लागतात. सुरुवात करणारा पिचर हल्ली सरासरी पाच-सव्वापाच इनिंग टाकून उतरतो. म्हणजे १६२ सामन्यांत त्यांच्या वाट्याला ८४० च्या आसपास. उरल्या ६००. त्या बुलपेनच्या. आता एक चांगला रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधला पिचर, धडधाकट राहिला तर वर्षाला ६० इनिंग टाकतो, फार तर ७०. बुलपेनमध्ये जागा आठ. आठही जण वर्षभर टिकले तर ४८० इनिंग होतात, आणि आठही जण वर्षभर टिकलेले मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलेले नाहीत. पाच टिकले तर आम्ही देवाचे आभार मानतो. पाच जणांच्या झाल्या ३००. उरलेल्या ३०० कोण टाकणार?

हा माझ्या उत्तराचा गाभा आहे. मार्चमध्ये ज्या यादीवर वाद घालतो ती बुलपेनच्या अर्ध्या कामाची यादी असते. उरलेलं अर्धं काम अशी माणसं करतात ज्यांची नावं त्या दिवशी कुणाच्या तोंडी नसतात. म्हणून मी यादी क्लोजरपासून वाचायला सुरुवात करत नाही. आठव्या माणसापासून करते, आणि त्याच्याही खाली, ट्रिपल-ए मधल्या नवव्या ते पंधराव्या माणसापर्यंत जाते, मग वर येते.

आता तुमची डॉजर्सची गोष्ट. २०२५ च्या मोसमाआधी त्यांनी टॅनर स्कॉटला चार वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलरला घेतलं. कर्बी येट्सला एका वर्षासाठी १.३ कोटी. ब्लेक ट्राइनेनला दोन वर्षांसाठी २.२ कोटी देऊन राखलं. २०२४ मध्ये या तिघांचे ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) काय होते बघा: स्कॉट १.७५, येट्स १.१७, ट्राइनेन १.९३. कागदावर याहून भक्कम त्रिकूट मिळणं कठीण. आणि २०२५ मध्ये? स्कॉट ४.७४, येट्स ५.२३, ट्राइनेन ५.४०. स्कॉटच्या हातून दहा सेव्ह (आघाडी राखून सामना संपवायच्या संधी) निसटल्या.

६ सप्टेंबर २०२५ चा बाल्टिमोरचा सामना शोधून जरूर बघा. डॉजर्सच्या योशिनोबु यामामोतोने नवव्या इनिंगमध्ये दोन आउट होईपर्यंत एकही हिट दिली नव्हती. एक आउट उरला होता. बाल्टिमोरच्या जॅक्सन हॉलिडेने होमरन मारला (चेंडू थेट कुंपणापार), तरी डॉजर्स ३-१ ने पुढेच होते. ट्राइनेन आला, तळ भरले, एक धाव वॉकवर (चार बॉल टाकल्यामुळे फलंदाजाला फुकट मिळणारा तळ) गेली. मग स्कॉट आला आणि सामना ४-३ ने गेला. एक आउट हवा होता, तो दोघांना मिळून मिळाला नाही. मी तो सामना थेट बघत होते. मला संघापेक्षा त्या दोन पिचर्ससाठी जास्त वाईट वाटलं, कारण अशी रात्र वाट्याला आलेली मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर बसून कॉफी पितात.

पण मग संघाने माणसं चुकीची निवडली का? इथे घाईने हो म्हणू नका. ६० इनिंग हा फार लहान नमुना आहे. ६० इनिंगमध्ये २० धावा दिल्या तर ईआरए ३.००. २७ दिल्या तर ४.०५. एक "उत्तम" आणि दुसरा "डळमळीत", आणि दोघांमधलं अंतर वर्षभरात सात धावा. कुंपणाच्या आत झेलला जाणारा चेंडू हात-दीड हात पुढे पडला, तळांवर दोघं असताना असं दोन-तीनदा झालं, की सात धावा झाल्या. सुरुवातीचा पिचर १७० इनिंग टाकतो, त्याच्या आकड्यांत असले धक्के जिरतात. रिलीव्हरच्या आकड्यांत जिरायला जागा नसते.

म्हणून कारकिर्दीतलं सगळ्यात चांगलं वर्ष नुकतंच संपवून आलेल्या रिलीव्हरला घेताना एक गोष्ट धरूनच चालावं लागतं: पुढचं वर्ष खाली येणार. किती खाली, हे वय, दुखापती आणि चेंडू यांवर अवलंबून. येट्स त्या मोसमात ३८ वर्षांचा होता, ट्राइनेन ३७ चा झाला आणि मध्ये दुखापतीने त्याला कित्येक आठवडे बाहेर बसवलं. स्कॉटचं प्रकरण मात्र वेगळं आणि मला जास्त शिकवणारं वाटतं. त्याचे वॉक २०२४ च्या मानाने निम्म्यावर आले. ऐकायला ही सुधारणा वाटते. पण होमरन ३ वरून ११ वर गेले. पूर्वी तो भरकटायचा, त्यामुळे फलंदाजाला नेमका कुठला चेंडू मारायचा ते कळत नसे. नेम सुधारला तसे जास्त चेंडू मारण्याजोग्या जागी येऊ लागले. आमच्याकडे तरुण पिचर्सना "स्ट्राइक टाक, स्ट्राइक टाक" म्हणून कानी-कपाळी ओरडतात तेव्हा मी आता स्कॉटचा तक्ता काढून दाखवते.

मग मी ईआरए बघत नाही तर बघते काय? स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद) आणि वॉकचं प्रमाण, चेंडूचा वेग, आणि फलंदाज किती वेळा बॅट फिरवून चुकतो ते. या गोष्टी लवकर स्थिरावतात, नशिबाचा वाटा त्यांत कमी असतो. तुमचा डिआझ याचं उत्तम उदाहरण आहे. २०१८ मध्ये सिअ‍ॅटलकडून त्याने ५७ सेव्ह केल्या, ईआरए १.९६. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडे गेला आणि ईआरए थेट ५.५९. लोकांनी त्याला निकालात काढलं. पण त्या वाईट वर्षातसुद्धा ५८ इनिंगमध्ये त्याचे ९९ स्ट्राइकआउट होते. फलंदाज त्याला वाचू शकत नव्हते, फक्त जेव्हा बॅट लागली तेव्हा चेंडू कुंपणापार जात होता: १५ होमरन. २०२२ मध्ये तोच माणूस १.३१ वर आला. २०२३ च्या मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमधला पोर्टो रिकोचा विजय साजरा करताना गुडघा गेला आणि अख्खा मोसम बुडाला. २०२५ मध्ये ईआरए १.६३, आणि ६६ इनिंगमध्ये ९८ स्ट्राइकआउट.

तीन वर्षांसाठी ६.९ कोटी डॉलर देऊन डॉजर्सनी त्याला घेतलं, त्याबद्दल माझं मत: करार चांगला आहे. ज्या गोष्टी टिकतात त्या त्याच्याकडे वर्षानुवर्षं आहेत. पण १.६३ ची अपेक्षा ठेवू नका. अडीच ते तीनच्या मध्ये कुठेतरी राहिला तर त्याने आपलं काम केलं असं समजा. आणि तो एकटा ६०-६५ इनिंग टाकेल, ६०० पैकी.

आता दुसरी बाजू, जी नव्या प्रेक्षकाला सहसा कुणी सांगत नाही. बुलपेनचा अंदाज सुरुवातीच्या पिचर्सपासून सुरू होतो. २०२५ मध्ये डॉजर्सच्या बुलपेनने ६५० हून जास्त इनिंग टाकल्या, त्या वर्षी लीगमधल्या सगळ्यात मोठ्या ओझ्यांपैकी एक. का? ब्लेक स्नेल खांद्यामुळे एप्रिलपासून जवळपास चार महिने बाहेर, त्याचे सगळे मिळून ११ सामने. टायलर ग्लासनाऊ एप्रिलअखेर ते जुलै बाहेर. रोकी सासाकी मेपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर. पूर्ण वर्ष उभा राहिला तो यामामोतो एकटा, ३० सामने. सुरुवातीचा पिचर चौथ्या इनिंगमध्ये उतरला की बाकीच्या पाच इनिंग कुणाच्या तरी खांद्यावर पडतात, आणि तो खांदा दुसऱ्या दिवशीही लागणार असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

क्रिकेट बघून आलेल्यांना इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. डेथ ओव्हर्सचा गोलंदाज सहाव्या षटकात एक टाकून अठराव्याला परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय २०२० पासून नियम असा, की आलेल्या पिचरने निदान तीन फलंदाजांना तरी टाकायचं किंवा इनिंग संपवायची. म्हणजे एका डावखुऱ्या फलंदाजापुरता एक डावखुरा आणून लगेच काढून घ्यायची जुनी चाल गेली. प्रत्येक माणूस थोडा जास्त वेळ टिकणारा लागतो. निव्वळ एका कामाचा माणूस बुलपेनमध्ये आता महाग पडतो.

इथे रोस्टरचे, म्हणजे संघाच्या यादीचे, नियम येतात. कंटाळवाणे वाटतील, पण निम्मं बुलपेन त्यांनी ठरतं, म्हणून थोडा धीर धरा. मैदानावर उतरणारा संघ २६ जणांचा, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. त्याभोवती ४० जणांची मोठी यादी. या ४० पैकी ज्यांच्याकडे "ऑप्शन" शिल्लक आहेत त्यांना ट्रिपल-ए ला पाठवता आणि परत बोलावता येतं. असे ऑप्शन साधारण तीन मोसमांपुरते मिळतात, आणि एका मोसमात एका खेळाडूला पाचदाच खाली पाठवता येतं. पिचरला खाली पाठवलं की १५ दिवस तिथेच, वरती कुणी जखमी झाला तरच अपवाद. ज्याचे ऑप्शन संपले त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकी सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं, कुणीही उचलून नेऊ शकतं.

याचा व्यवहारात अर्थ काय? समजा तुमच्या बुलपेनमधल्या आठ जणांपैकी सात जण असे आहेत ज्यांना हलवताच येत नाही: मोठे करार किंवा संपलेले ऑप्शन. काल रात्री सामना १३ इनिंग चालला, सहा जणांचे हात गळाले. आज ताजा हात आणायचाय, पण जागा करायला खाली कुणाला पाठवणार? आठवा जो आहे तो, रोज तोच. म्हणून मोठ्या नावांनी गच्च भरलेली यादी बघून मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते. मार्चमध्ये मी प्रत्येक नावापुढे एक खूण करते: हलवता येतो की नाही. आठात निदान तीन हलवता येणारे असले, तर मला रात्री झोप लागते.

डॉजर्सकडे या बाबतीत एक सोय आहे जी बाकी कुणाकडे नाही, आणि ती म्हणजे शोहेई ओहतानी. पिचिंग आणि फलंदाजी अशी दोन्ही कामं करणारा खेळाडू म्हणून तो १३ पिचर्सच्या मर्यादेत मोजला जात नाही. सहा सुरुवातीचे पिचर आलटून-पालटून वापरायचे तर इतर संघांना बुलपेनमधली एक जागा सोडावी लागते. डॉजर्स ओहतानीला धरून सहा ठेवतात आणि बुलपेनमध्ये आठ ते आठच राहतात. २०२५ च्या जूनपर्यंत तो पिचिंग करत नव्हता, म्हणजे निम्मं वर्ष हा फायदा हातात नव्हता. २०२६ च्या मोसमात पहिल्या दिवसापासून मिळाला, तर माझ्या हिशेबात त्याची किंमत डिआझच्या करारापेक्षा फार कमी नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय "थकवा" म्हणजे काय ते नीट कळणार नाही. माझं रोजचं काम म्हणजे सकाळी एक तक्ता करायचा: आज कोण टाकू शकतो, किती, कोण अजिबात नाही. तिसऱ्या की चौथ्या मोसमात एका जुलैमध्ये आमचा सगळ्यात भरवशाचा रिलीव्हर माझ्या तक्त्यात हिरवा होता. दोन दिवसांची विश्रांती, शून्य चेंडू. संध्याकाळी तो आला, अकरावा चेंडू टाकला आणि कोपर धरून खाली वाकला. त्याचा मोसम तिथे संपला. नंतर मी बुलपेनमधल्या कॅचरशी (चेंडू झेलणाऱ्याशी) बोलले. तो म्हणाला, दोन्ही रात्री सामना चालू असताना त्याला गरम व्हायला उठवलं होतं. एकदा एकदा नाही, दोन रात्रींत मिळून तीनदा. दर वेळी २०-२५ चेंडू जोर लावून टाकून गरम झाला, आणि मग सामना सुटला म्हणून परत बसवला. धावपत्रकात शून्य. हातात साठ-सत्तर.

कोपर त्यामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, शरीर इतकं सरळ हिशेबी नसतं. पण माझा तक्ता खोटा होता, हे खरं. त्या दिवसापासून त्यात एक रकाना आहे, "उठला". कोण किती वेळा उठला, किती चेंडू. जो मॅनेजर माणसाला उठवण्याआधी विचार करतो, त्याच्या बुलपेनचे सप्टेंबरमधले आकडे मी जास्त विश्वासाने वाचते. हे तुम्हाला टीव्हीवरसुद्धा दिसतं. कॅमेरा बुलपेनकडे वळतो तेव्हा कोण उभा आहे ते टिपून ठेवा, आणि तो पुढे आला का तेही.

इथवरचं थोडक्यात: वरच्या नावांचे ईआरए निम्म्याहून अधिक धूळ असतात, सुरुवातीचे पिचर किती खोल जातात त्यावर बुलपेनचं ओझं ठरतं, आणि ते ओझं वाहायला खालून किती हात मोकळेपणाने वर आणता येतात त्यावर वर्ष ठरतं.

आणि हे केवळ माझं ट्रिपल-ए चं प्रेम बोलत नाही. तुम्ही जी वर्ल्ड सिरीज बघितलीत तीच आठवा. त्या २६ जणांत स्कॉट नव्हता, येट्सही नव्हता. २७ ऑक्टोबरचा तिसरा सामना १८ इनिंग चालला, डॉजर्सनी दहा पिचर वापरले. शेवटी उरला विल क्लाइन. त्याआधीच्या तीन फेऱ्यांत त्याला संघात जागासुद्धा नव्हती. रॉयल्सनी निवडलेला, मग अ‍ॅथलेटिक्स, मग मरिनर्स, आणि २०२५ च्या जूनमध्ये कुणाच्या लक्षातही न आलेल्या एका छोट्या अदलाबदलीत डॉजर्सकडे आलेला. मोसमभर वर-खाली झालेला. त्याने चार इनिंग टाकल्या, ७२ चेंडू, एक धाव दिली नाही. मग डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने होमरन मारून सामना जिंकून दिला आणि जग फ्रीमनला ओळखतं. त्या जूनच्या दिवशी क्लाइनचं नाव ज्या कुणी यादीत खाली पेन्सिलने लिहिलं असेल, त्या अनोळखी सहकाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला.

जॅक ड्रायरही तसाच. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्याला एकाही संघाने घेतलं नव्हतं. २०२५ मध्ये पहिल्याच मोसमात ७० हून जास्त इनिंग, ईआरए तीनच्या आत. आणि सासाकी: सुरुवातीचा पिचर म्हणून आणलेला, जखमी झालेला, सप्टेंबरमध्ये ओक्लाहोमा सिटीत, डॉजर्सच्या ट्रिपल-ए संघात, रिलीव्हर म्हणून टाकून बघितलेला, आणि ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध ओळीने तीन इनिंग, नऊ फलंदाज आले आणि नऊही परत गेले. तिघांपैकी एकही मार्चच्या चर्चेत रिलीव्हर म्हणून फारसा नव्हता.

तर २०२६ ची यादी. खालून वाचू. क्लाइन, एडगार्डो एन्रिकेस, बेन कॅस्पेरियस, जस्टिन रोब्लेस्की: चौघांनी मागच्या वर्षी मेजर लीगमध्ये घाम गाळलाय. एन्रिकेस ताशी १०० मैलांच्या (१६१ किलोमीटर) पुढे टाकतो, नेम हा त्याचा प्रश्न. रोब्लेस्की आणि कॅस्पेरियस एका वेळी दोन-तीन इनिंग टाकू शकतात, आणि माझ्या लेखी हे सोनं आहे, कारण सुरुवातीचा पिचर लवकर उतरला की बाकी सगळ्यांचे हात हेच वाचवतात. त्यांच्या वर ड्रायर आणि अ‍ॅलेक्स व्हेसिया, दोघेही डावखुरे, दोघांवरही भरवसा ठेवावा. ब्रुस्डार ग्रेटरोल २०२५ चं पूर्ण वर्ष खांद्यामुळे बाहेर होता. अशा माणसाच्या पुढे मी मार्चमध्ये शून्य इनिंग लिहिते आणि जे मिळेल ते वरकमाई समजते. मग ट्राइनेन आणि स्कॉट. स्कॉटकडून मी मागच्या वर्षापेक्षा बरं धरते, कारण ११ होमरन हे दर वर्षी होत नाही. ट्राइनेनबद्दल वयामुळे सावध आहे. सगळ्यात वर डिआझ. सासाकी परत सुरुवातीच्या पिचर्समध्ये जाणार, ही संघाची उघड योजना आहे, त्यामुळे ऑक्टोबरचा तो हुकमी माणूस या हिशेबात धरायचा नाही.

माझा निष्कर्ष: २०२५ च्या मार्चपेक्षा हे बुलपेन कागदावर थोडं कमी झगमगीत आणि प्रत्यक्षात जास्त टिकाऊ आहे. तेव्हा वर तीन नावं होती आणि खाली प्रश्नचिन्हं. आता वर एक नाव आहे आणि खाली तावून-सुलाखून निघालेली चार-पाच माणसं. तरी स्नेल, ग्लासनाऊ आणि सासाकी यांच्यापैकी दोघं एकाच वेळी दोन महिने बाहेर गेले, तर माझं हे वाक्य विसरून जा.

अंदाजच असतो का, असं तुम्ही विचारलंत. हो, पण त्याला मर्यादा असतात. एका रिलीव्हरचं वर्ष मी सांगू शकत नाही. आठ जणांचं मिळून बऱ्यापैकी सांगता येतं, आणि पंधरा जणांचं मिळून त्याहून बरं.

अ‍ॅरिझोनातले सराव सामने बघणार असाल तर धावांकडे लक्ष देऊ नका. तिथली हवा कोरडी आणि विरळ, चेंडू जास्त उडतो. समोरचे फलंदाज निम्मे खालच्या पातळीवरचे, आणि पिचर एखाद्या नव्या प्रकारचा चेंडू टाकून बघत असतो. तीन गोष्टी बघा. वेग मागच्या वर्षीच्या किती जवळ आहे: मार्चमध्ये एखादा मैल कमी चालतो, शेवटच्या आठवड्यातही दोन-अडीच मैल कमी असेल तर मला धास्ती वाटते. दुसरं, महिन्याच्या शेवटी कुणाला लागोपाठ दोन दिवस टाकायला लावलं. ज्याला लावलं नाही त्याचा हात अजून तयार नाही, बातमीत काहीही येवो. तिसरं, दोन इनिंग कुणाकडून टाकून घेतात. तुमचा आठवा माणूस तो.

२०२६ मध्ये आणखी एक बदल आहे. स्ट्राइक की बॉल यावर पिचर, कॅचर किंवा फलंदाज डोक्यावर हात टेकवून यंत्राकडे दाद मागू शकतो, प्रत्येक संघाला अशा दोन संधी, आणि दाद खरी ठरली तर संधी शिल्लक राहते. ट्रिपल-ए मध्ये आम्ही याच्यासोबत आधीपासून राहतोय. माझं निरीक्षण असं, की कॅचरच्या हातचलाखीवर काठाचे स्ट्राइक मिळवणाऱ्या रिलीव्हर्सना थोडा फटका बसतो आणि फलंदाजाला चकवून बॅट फिरवायला लावणाऱ्यांना काही फरक पडत नाही. डिआझ दुसऱ्या जातीचा.

एप्रिलचे पहिले तीन आठवडे लॉस एंजेलिसचे रात्रीचे सामने तुम्हाला नाशिकला सकाळी ७:४० च्या सुमारास दिसतील. एक वही करा. रोज तीन रकाने: सुरुवातीचा पिचर कितव्या इनिंगला उतरला, त्याच्यानंतर लगेच कोण आला, आणि बुलपेनमध्ये कोण उठून परत बसला. नववी इनिंग कोण टाकतो ते लिहायची गरज नाही, ते सगळीकडे छापून येतं. २० एप्रिलच्या सुमारास मधला रकाना वाचा. त्यात तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा आली असतील तर मला परत विचारा, तेव्हा बोलण्यासारखं बरंच असेल.